पाटी तीच, दुकान निराळे

खेळाच्या साहित्याचे एखादे नावाजलेले दुकान मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेले, तरी दारावरची पाटी सहसा बदलत नाही. ज्या नावासाठी पैसे मोजले, ते पुसून टाकण्यात व्यापारी शहाणपण नसते. बदल घडतो तो पाटीच्या आत. कोणता माल मांडायचा हे कोण ठरवते, गल्ल्यापलीकडच्या माणसाला त्या मालातले किती कळते आणि वर्षातून दोनदाच खपणाऱ्या वस्तूला फळीवर जागा मिळते की नाही, या तीन गोष्टींत नव्या मालकाची ओळख पटते. पहिल्या काही महिन्यांत गिऱ्हाइकाला फारसे काही जाणवत नाही. एखादा हंगाम उलटल्यावर मात्र नेहमीची वस्तू मागितली असता ‘ती आता येत नाही’ असे उत्तर मिळू लागते.

घोडपदेवसारख्या वस्तीला हा विषय परका नाही. एका अंगाला बंदराची गोदामे आणि दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या गिरण्या अशा बेचक्यात वसलेल्या या भागात न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. येथल्या क्रीडा मंडळाला किंवा सह्याद्रीत भटकंतीला निघालेल्या तरुणाला सामान हवे असले, की धोबी तलाव वा दादर गाठण्याची जुनी रीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आल्यापासून दुसरी वाटही खुली झाली. पहिल्या ठिकाणी घराण्याने चालवलेली दुकाने, दुसऱ्या ठिकाणी कंपन्यांची दालने. ताबा बदलल्यावर दुकानाचे काय होते, याचे ठळक दाखले मात्र आधी परदेशात पाहावे लागतात.

लिलीव्हाइट्स आणि सवलतीचे फलक

लंडनमधील लिलीव्हाइट्स हे नाव क्रिकेटच्या जुन्या चाहत्यांना अपरिचित नसावे. क्रिकेटपटूंच्या लिलीव्हाइट घराण्याने १८६३ मध्ये हे दुकान सुरू केले. १८७७ च्या पहिल्या कसोटीत इंग्लंडचे नेतृत्व करणारे जेम्स लिलीव्हाइट याच घराण्यातले. १९२५ मध्ये दुकान पिकॅडिली सर्कसला आले आणि खेळ कोणताही असो, त्याचे साहित्य तेथे मिळणारच, असा त्याचा लौकिक झाला. २००२ मध्ये माइक अ‍ॅशली यांच्या, पुढे ‘स्पोर्ट्स डायरेक्ट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने ते घेतले. किमती झपाट्याने उतरल्या, काही खास विभाग बंद झाले आणि टी-शर्ट, बूट व सवलतीचे फलक यांनी मजले भरले. इमारत तीच राहिली, पाटीही तीच राहिली.

या कंपनीची खरी हातोटी पुढच्या पायरीत दिसते. अडचणीत आलेल्या जुन्या उत्पादकांची नावेही तिने विकत घेतली. २००४ मध्ये डनलॉप आणि स्लॅझेंजर तिच्याकडे आले. गिर्यारोहकांच्या पाठपिशव्यांसाठी नावाजलेले करिमोरही त्याच वर्षी आले. १९४६ मध्ये लँकेशायरमध्ये सायकलच्या पिशव्या शिवण्यापासून सुरुवात केलेल्या करिमोरच्या सॅक पुढे हिमालयातील मोहिमांत वापरल्या गेल्या. ते नाव आता सर्वसामान्य ग्राहकाला परवडेल अशा बुटांवर आणि जाकिटांवर झळकू लागले. दुकान आपले आणि नावही आपलेच असले, की मधल्या घाऊक व्यापाऱ्याचा नफा वाचतो. छापील किंमत किती ठेवायची आणि त्यावर ‘सवलत’ किती दाखवायची, हेही मग आपल्याच हाती राहते. स्वस्ताई खरी असते. परंतु नावावरून गुणवत्ता ओळखण्याची ग्राहकाची जुनी सवय येथे निरुपयोगी ठरते, हे सांगायला दुकानात कोणी उभे नसते.

कर्ज कोणाचे, फेड कोणाची

ताबा घेण्यासाठी पैसा कोठून आणला, यावर दुकानाचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. अमेरिकेतील स्पोर्ट्स अथॉरिटी ही क्रीडासाहित्याची मोठी साखळी २००६ मध्ये एका गुंतवणूक संस्थेने सुमारे १.३ अब्ज डॉलरला घेतली. अशा व्यवहारांत खरेदीसाठी काढलेले कर्ज खरेदीदाराच्या नव्हे, तर विकल्या गेलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसते. दहा वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिच्यावर १.१ अब्ज डॉलरची देणी होती. ४५० हून अधिक दुकाने त्या वर्षात बंद झाली. दुकानात गर्दी होती की नव्हती हा प्रश्न व्याजापुढे गौण ठरला.

नेब्रास्का राज्यातील सिडनी या गावाची कथा निराळी आहे आणि अधिक बोचरी. शिकार, मासेमारी आणि रानातील मुक्काम यांचे साहित्य विकणारी कॅबेलाज ही कंपनी १९६१ मध्ये गळाला लावायच्या कृत्रिम माश्या टपालाने विकण्यापासून सुरू झाली. जेमतेम सात हजार वस्तीच्या सिडनीत तिचे मुख्यालय होते आणि सुमारे दोन हजार लोक तेथे नोकरीला होते. २०१५ मध्ये एलियट मॅनेजमेंट या गुंतवणूक निधीने कॅबेलाजचे सुमारे ११ टक्के समभाग घेऊन विक्रीसाठी दबाव आणला. प्रतिस्पर्धी बास प्रो शॉप्सने ऑक्टोबर २०१६ मध्ये सौदा जाहीर केला. सप्टेंबर २०१७ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलरला तो पूर्ण झाला. दुकाने राहिली, मात्र दोन मुख्यालयांची गरज नव्हती. खरेदी, हिशेब, जाहिरात आणि ग्राहकसेवा यांची कामे मिसुरीतील स्प्रिंगफील्डला गेली, आणि सिडनीतील बहुसंख्य नोकऱ्या संपल्या. तेथली घरे एकाच वेळी विक्रीला निघाली तेव्हा घेणारा उरला नव्हता. गिरणी बंद पडल्यावर खाणावळीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांचाच धंदा कसा बसतो, हे १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने पाहिलेले असल्याने त्याचे वेगळे स्पष्टीकरण येथील वाचकाला नको.

सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने कॅनडाचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. १९७१ मध्ये व्हँकुव्हरच्या गिर्यारोहकांनी ‘माउंटन इक्विपमेंट को-ऑप’ ही ग्राहक सहकारी संस्था स्थापन केली. पाच डॉलर भरून सभासद व्हायचे आणि दोर, तंबू, बूट रास्त भावात घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती. १९४८ मध्ये नायगावात उभ्या राहिलेल्या ‘अपना बाजार’शी तिचे नाते सहज लागते. सभासदसंख्या पन्नास लाखांपुढे गेली, दुकाने २२ झाली, आणि मग शहरी कपडे व सायकली अशा विस्तारात संस्था अडकली. सप्टेंबर २०२० मध्ये संचालक मंडळाने ती अमेरिकेतील किंग्जवूड कॅपिटल या खासगी गुंतवणूक संस्थेला विकत असल्याचे जाहीर केले. कर्जदारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली न्यायालयाच्या मान्यतेने विक्री झाल्यामुळे सभासदांचे मत घेण्यातच आले नाही. ‘को-ऑप’ची ‘कंपनी’ झाली आणि आद्याक्षरे जशीच्या तशी राहिली. २०२५ मध्ये ती कॅनडातील गुंतवणूकदारांकडे परतली, परंतु सहकारी संस्था म्हणून नव्हे.

रिबॉकच्या दालनातून बॅट कोठे गेली?

भारतात या प्रकाराचा सर्वांत जवळचा दाखला रिबॉकचा आहे. आदिदासने ऑगस्ट २००५ मध्ये रिबॉकच्या खरेदीची घोषणा केली आणि जानेवारी २००६ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा हा व्यवहार पूर्ण झाला. जगात आदिदास मोठी असली, तरी भारतात थोरली बहीण रिबॉकच होती. लहान शहरांपर्यंत तिची दुकाने पोहोचली होती, महेंद्रसिंग धोनी आणि युवराज सिंग यांच्या बॅटवर तिचे चिन्ह होते, आणि बॅट, पॅड, ग्लोव्हज दालनात मांडलेले असत. ही दुकाने बहुतांशी स्थानिक व्यापाऱ्यांनी मताधिकारावर चालवलेली होती. जागा आणि सजावट त्याची, माल कंपनीचा आणि किमान उत्पन्नाची हमीही कंपनीची, अशी वाटणी होती. विक्री झाली नाही तरी हमीची रक्कम मिळत असल्याने दुकानांची संख्या वेगाने फुगली.

मार्च २०१२ नंतर हे चित्र पालटले. आदिदासने भारतातील रिबॉकच्या हिशेबांत व्यापारी अनियमितता आढळल्याचे जाहीर केले. मे महिन्यात गुरगावात दोन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध ८७० कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराची तक्रार नोंदवण्यात आली. आरोप संबंधितांनी नाकारले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच घडले. सुमारे ९०० दुकानांपैकी एक तृतीयांश बंद करण्याचा निर्णय झाला आणि किमान हमीची पद्धत गुंडाळून माल रोखीने उचलण्याची पद्धत आली. न खपलेल्या मालाचा धोका कंपनीकडून दुकानदाराकडे सरकला.

त्याच सुमारास जर्मनीतील मुख्यालयाने दोन्ही नावांची कामे वाटून दिली होती. मैदानी खेळ आदिदासचे, व्यायामशाळा आणि तंदुरुस्ती रिबॉकची. अमेरिकेत ही विभागणी तर्काला धरून असेल. भारतात तिचा अर्थ असा झाला, की रिबॉकच्या दालनातून क्रिकेट मागे पडले आणि त्या जागी योगासनांचे व कसरतीचे कपडे आले. मालाची निवड दूरच्या कार्यालयात होऊ लागली, की गल्लीतील ग्राहकाचे म्हणणे तेथपर्यंत पोहोचत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. पुढे २०२१ मध्ये आदिदासने रिबॉक अमेरिकेतील ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपला विकण्याचा करार केला. भारतातील व्यवसाय मुंबईच्या आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेलकडे आला आणि २०२५ च्या विभाजनानंतर आदित्य बिर्ला लाइफस्टाइल ब्रँड्सकडे गेला. वीस वर्षांत पाटी एकच आणि मालक तीन.

धोबी तलाव का विकले गेले नाही?

मेट्रो सिनेमाच्या आसपासची क्रीडासाहित्याची दुकाने एवढ्या उलथापालथीत कोणा कंपनीने का घेतली नाहीत, असा प्रश्न पडतो. त्याचे एक उत्तर धंद्यात आहे. तेथे बॅट हातात घेऊन तोलता येते, ती तेल पाजून, ठोकून तयार करून मिळते, रॅकेटचे गटिंग होते, आणि शाळेच्या संघाला शेवटचे हप्ते हंगाम संपल्यावर देता येतात. हे सर्व मालकाच्या ओळखीवर आणि कारागिराच्या हातावर चालते. ताळेबंदात त्याची किंमत लावता येत नाही, म्हणून ते विकताही येत नाही.

दुसरे उत्तर कायद्यात आहे आणि ते कमी परिचित आहे. दक्षिण व मध्य मुंबईतील जुनी दुकाने बहुधा पागडीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यानुसार जुन्या भाडेकरूला अल्प भाड्याचे संरक्षण आहे, परंतु ज्या खासगी वा सार्वजनिक कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिला ते नाही. म्हणजे एखाद्या बड्या साखळीने असे दुकान घेतले, तर त्याच क्षणी शेकड्यांतले भाडे लाखांत जाऊ शकते. शिवाय पागडी हस्तांतरित करताना घरमालकाचा हिस्सा निघतो तो वेगळाच. ज्या भाड्याच्या आधारावर मंद खपाचा माल वर्षभर फळीवर ठेवणे परवडते, ते भाडे विकत घेता येत नाही. त्यामुळे कंपन्या धोबी तलावात आल्या नाहीत. त्या गिरण्यांच्या जागांवर आणि उपनगरांतील मॉलमध्ये गेल्या. २००९ मध्ये घाऊक विक्रेता म्हणून भारतात उतरलेल्या फ्रेंच डेकॅथलॉनला २०१३ मध्ये किरकोळ विक्रीची परवानगी मिळाली आणि तिनेही मोठ्या जागांचाच मार्ग धरला.

या नव्या दालनांनी ग्राहकाचे भले केले नाही असे म्हणता येणार नाही. पूर्वी सह्याद्रीत जाणारा बहुतेक तरुण हंटर बूट आणि उसनी सॅक यांवर भागवीत असे. तंबू आणि पावसाळी जाकीट ही चैन होती. आज क्वेचुआची सॅक महाविद्यालयीन मुलाच्या पाठीवर दिसते. किंमत लिहिलेली असते, वस्तू वापरून पाहता येते, बिल मिळते, न आवडल्यास परत करता येते. मुलींच्या मापाचे बूट मागताना संकोच वाटत नाही. जुन्या दुकानांत या सोयी सहजी मिळत नसत, आणि नव्या गिऱ्हाइकाशी तुसडेपणाने वागण्याची काहींची ख्यातीही होती.

मात्र जोखमीच्या वस्तूंत फरक उरतोच. कडा चढण्याचा दोर किती वर्षांनी निकालात काढावा, एकदा मोठा झटका बसलेला कॅरॅबिनर वरून धड दिसला तरी का टाकून द्यावा, हे सांगणारा माणूस दोराइतकाच आवश्यक असतो. साखळी दुकानांत कर्मचारी वारंवार बदलतात आणि अशा वस्तूंचा खप थोडा असतो. त्यामुळे मालकी बदलल्यावर फळीवरून प्रथम त्याच जातात. मेरठ आणि जालंधरच्या लहान उत्पादकांनाही याची झळ बसते. पूर्वी दहा दुकानदारांपैकी दोघांनी माल नाकारला तरी आठ उरत. खरेदी एका टेबलावर एकवटली, की एका नकारात हंगाम जातो. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले असले, तरी मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस थोडेच उत्पादक करतात.

पागडीची भिंतही आता पूर्वीसारखी अभेद्य राहिलेली नाही. उपकरप्राप्त जुन्या इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली होतो, तेव्हा तळमजल्यावरील भाडेकरू दुकानदाराला नव्या इमारतीत मालकी हक्काचा गाळा मिळतो. त्या गाळ्याला जुने भाडे नसते, देखभालीचा मासिक आकार असतो. तो कोणालाही, कितीही भाड्याने देता येतो, आणि दुकानदाराच्या पुढच्या पिढीला बॅट ठोकण्यापेक्षा ते भाडे अधिक सोयीचे वाटू शकते. लालबाग, परळ, घोडपदेव या पट्ट्यात जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. बँक, औषधांची साखळी किंवा बुटांचे दालन यांपैकी जो अधिक भाडे देईल त्याच्याकडे असे गाळे जातात.