गोकुळधामला बांध नाही



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची मासिक बैठक रात्री आठला ठेवली होती. दिवसा खुरपणी, त्यामुळे कुणालाच सवड नव्हती. बचतीचे पैसे मोजून पासबुकं भरत होतो, तोवर सव्वाआठला चुळबुळ सुरू झाली. कुणाच्या सासूची गोळी राहिली होती, कुणाचं दूध तापवायचं होतं. साडेआठला सतरंजीवर अध्यक्ष, सचिव आणि गटांचं काम बघणाऱ्या आम्ही दोघी, एवढ्याच उरलो. दोन दिवसांनी खरं कारण कळलं. साडेआठला ‘तारक मेहता’ लागतं.

आधी राग आला. मग एकमेकींकडे बघून कबूल केलं, की आमच्याही घरी तेच लागतं.

आपल्याला गावात शेजार कमी आहे का? उलट जास्तच आहे. भिंतीपलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते. मग मुंबईतल्या एका सोसायटीतल्या, खऱ्या नसलेल्या शेजाऱ्यांची खुशाली आपल्याला रोज रात्री का लागते? याचा माग काढत गेलो, तर गोष्ट बरीच जुनी निघाली.

आपल्यातल्या बऱ्याच जणींना तारक मेहता हे मालिकेतलं पात्र वाटतं. पण त्या नावाचा खरा लेखक होता. त्यांचा जन्म 1929 साली अहमदाबादला झाला. पुढं ते मुंबईत आले आणि 1960 ते 1986 अशी सव्वीस वर्षं त्यांनी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी केली. नोकरी सांभाळून लिहिणारा हा माणूस. मार्च 1971 पासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात त्यांचं ‘दुनियाने ऊंधा चष्मा’ हे सदर सुरू झालं. ऊंधा म्हणजे उलटा. जेठालाल, दया, टपू, बापूजी ही मंडळी तिथलीच. मुंबईतल्या गुजराती बिऱ्हाडांच्या एका माळ्यात, म्हणजे आपण ज्याला चाळ म्हणतो तशा ठिकाणी, ती राहत. सदर वर्षानुवर्षं चाललं. मेहतांची 80च्या आसपास पुस्तकं निघाली, 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1 मार्च 2017 रोजी ते वारले.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘चित्रलेखा’ 1950 साली वजू कोटक यांनी काढलं. ते 1959 साली गेले, आणि त्यांच्यामागं ते साप्ताहिक त्यांच्या पत्नी मधुरी कोटक यांनी चालवलं. नवऱ्यामागं छापखान्याचा, वर्गणीदारांचा, लेखकांचा सगळा व्याप एका बाईनं अंगावर घेतला, म्हणून पुढं जेठालालला राहायला जागा मिळाली. टीव्हीवर नावं सरकतात त्यात हे कुणी सांगत नाही.

टीव्हीवरची मालिका 28 जुलै 2008 रोजी सुरू झाली. तिथं जुना माळा जाऊन गोकुळधाम सोसायटी आली आणि प्रत्येक प्रांताचं एकेक बिऱ्हाड तिथं राहायला आलं. आपल्या वाट्याला रत्नागिरीचे भिडे मास्तर आले, त्यांची सखाराम नावाची स्कूटर आली आणि लोणची-पापड विकणारी माधवी आली. 2024 च्या फेब्रुवारीत मालिकेचे चार हजार भाग पूर्ण झाले. दया 2017 साली गेली ती परत आलीच नाही, तरी आपण वाट बघतोच आहोत. मराठीतही ती ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावानं आली, तेव्हा हिंदी न समजणाऱ्या आज्याही त्यात आल्या.

पण शेजाऱ्यांच्या गमतीच्या गोष्टींचं मूळ चाळीतच आहे, आणि ती चाळ आपल्यासारख्या गावांनीच भरली. 1854 साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली. मग एकामागून एक भोंगे वाजू लागले आणि कोकणातून, साताऱ्याकडून, गुजरातेतून माणसं निघाली. राहायला काय, तर एक खोली, फार तर दीड. पुढं सगळ्या मजल्याला मिळून एक लांब गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. बऱ्याच गावांनी मंडळं काढून खोल्या घेतल्या होत्या, एकेका खोलीत गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीनं झोपत. त्यांना जेवायला घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचा इतिहास तर एका वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

अशा ठिकाणी दार लावून जगता येत नाही. नळाला पाणी तासभर, त्यामुळे भांडण रोजचं. पण रात्री कुणाच्या पोराला फणफणून ताप आला, तर जिच्याशी सकाळी बादलीवरून वाजलं तीच आधी धावणार. माहेर, सासर, चुलते-मावळे दोनशे कोसांवर. हाकेला ओ देणारं जवळ कोण, तर शेजारीण. भांडण टिकवणं तिथं परवडतच नव्हतं. आमच्या मते चाळीच्या गोष्टीतला विनोद इथून येतो. वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, की हे सकाळचं भांडण संध्याकाळपर्यंत मिटणार आहे.

मराठीत हे पु. ल. देशपांड्यांनी पकडलं. त्यांचं ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली पुस्तकरूपानं आलं. पुढं ते एकटेच रंगमंचावर उभे राहून सगळी चाळ जिवंत करत. चाळीतल्या माणसाचा वजन घटवण्यासाठी केलेला उपास, चाळकऱ्यांच्या भ्रमणमंडळाची पुण्याची सहल, एवढ्याएवढ्याशा गोष्टी. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाची इस्टेट लाटत नाही. मात्र पुस्तकाच्या शेवटी चाळीचंच एक चिंतन आहे आणि तिथं हसू गळ्यात अडकतं. ती दुनिया सरत चालली आहे हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. टीव्हीवर 1986 साली ‘नुक्कड’ आली. तिथं चाळीच्या जागी रस्त्याचा कोपरा होता आणि शेजाऱ्यांच्या जागी कष्टकरी मित्र. त्यानंतर टीव्हीवर दागिने घातलेल्या सासवा-सुनांची रांग लागली. त्यातल्या कटकारस्थानांना कंटाळलेल्या बाया जेठालालकडं वळल्या, असं आम्हाला वाटतं.

हे झालं शहराचं. आपलं काय?

आमच्या गटात दोघी जावा आहेत. नावं सांगत नाही, गावाला ठाऊकच आहेत. दोन भावांच्या वाटणीत बांध कोरला गेला. कुणी म्हणतं वीतभर, कुणी म्हणतं हातभर. मोजणी झाली, तलाठ्याकडं खेपा झाल्या आणि गेली तीन वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. बैठकीत एक सतरंजीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. थोरल्या जावेला आम्ही विचारलं, ‘‘तुम्हाला त्या सोसायटीत एवढं काय आवडतं?’’ ती म्हणाली, ‘‘तिथं कुणाला बांध नाही, बाई.’’

आम्ही दोघी पदवीपर्यंत शिकलो, पण हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. गावात शेजार म्हणजे बहुतेक भावकी. भावकी म्हणजे जमीन, विहिरीची पाळी, सातबाऱ्यावरचं नाव. गावातलं भांडण संध्याकाळी मिटत नाही, ते पोरांच्या नावावर चढतं. गोकुळधामात जेठालाल आणि भिडे मास्तर कितीही भांडले तरी त्यांच्यात वाटणीला काही नाही. उद्या पुन्हा हसून बोलले तरी कुणाचं गुंठाभर जात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांची. मैत्रिणी असतात त्या माहेरी, शाळेतल्या. लग्न झालं की त्या सुटतात. सासरी आपण कुणाची सून, कुणाची भावजय, कुणाची आई. नात्यात नसलेल्या बाईकडं कामाशिवाय तासभर जाऊन बसलं, तर विचारणा होते. मालिकेतल्या बाया खाली अंगणात जमून उगाच गप्पा मारतात. उगाच! आपल्याला आधी हसू त्याचं येतं आणि मग थोडा हेवा वाटतो.

मालिकेचे दोषही सांगायला हवेत. तिथली प्रत्येक बाई कुणाची तरी बायको म्हणूनच ओळखली जाते. जाड माणसावरचे विनोद आम्हाला आवडत नाहीत. खऱ्या मुंबईत आडनाव, धर्म आणि चुलीवर काय शिजतं हे विचारून घर नाकारल्याच्या बातम्या येतात. जुन्या चाळींतही बहुतेक ठिकाणी गाव आणि जात बघूनच खोली मिळे. गोकुळधामात हा प्रश्नच काढलेला नाही. धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या घरी मालिका गेलेली निदान आम्ही तरी पाहिलेली नाही. आणि माधवीच्या लोणच्याचा हिशोब? कैरी किती, तेल कोणत्या भावानं, बरणी पडते केवढ्याला, उधारी किती थकली, एकदाही नाही. आमच्या गटानं एका बैठकीत तिचा अंदाजी ताळेबंद मांडायचा प्रयत्न केला होता. मजुरी धरली तर धंदा तोट्यात निघाला. पोट धरून हसलो, मग आमच्या पापडाचा ताळेबंद काढला आणि गप्प बसलो.

पापडावरूनच आठवलं. पुलंची चाळ पुस्तकात आली 1958 साली. त्यानंतर वर्षभरातच, 15 मार्च 1959 रोजी, मुंबईत गिरगावच्या लोहाणा निवासात राहणाऱ्या सात शेजारणी गच्चीवर जमल्या. हातात उसने घेतलेले 80 रुपये. त्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. तेच लिज्जत. कुणाकडं देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. 1966 साली संस्थेची नोंदणी झाली. आपण गटाच्या प्रशिक्षणात हे उदाहरण दहादा ऐकलंय, पण त्यातल्या ‘शेजारणी’ या शब्दावर आम्ही कधी थांबलो नव्हतो. ज्या गॅलऱ्यांतून लेखकांना हसवणाऱ्या गोष्टी मिळाल्या, तशाच एका गॅलरीतून या सातजणी वर गच्चीत गेल्या. त्यांच्यातही कुणाचा कुणाशी बांध नव्हता. आपल्या गटांत मात्र तो असतो, आणि तरीही आपल्याला एकमेकींच्या कर्जाला उभं राहावं लागतं. प्रशिक्षणात हे सांगितलं जात नाही.

बैठक आता आम्ही संध्याकाळी सातला घेतो. साडेआठला सचिवबाईंच्या घरी टीव्ही लागतो आणि ज्यांच्या घरून ओरड होत नाही त्या तिथंच थांबतात. दोघी जावाही थांबतात. एक उंबऱ्याशी, दुसरी आत फ्रिजला टेकून. हसायच्या ठिकाणी दोघी हसतात, पण एकमेकींकडं न बघता.

मागच्या महिन्यात धाकटीनं शेळीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. आमच्या गटात दोन जामीन लागतात. एक लगेच मिळाली. दुसरीसाठी सगळ्याजणी गप्प, कारण तिचे आधीचे दोन हप्ते थकले होते. थोरली उठली, वही ओढून घेतली, सही केली. पेन जावेच्या हातात न देता सतरंजीवर ठेवलं आणि पुन्हा आपल्या टोकाला जाऊन बसली.