कमरेवरचा व्रण

कर्करोग हे पूर्वसंचिताचे फळ होय, ही समजूत आमच्या उमरीकडे अजूनही ऐकू येते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार संघटनेच्या कचेरीत अधिक झाले. तेथे वाचलेला इतिहास मात्र निराळेच सांगतो.

1775 साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी झाडणाऱ्यांच्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. 1915 साली यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना पुन्हा पुन्हा डांबर लावून कर्करोग उत्पन्न केला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली धोतरामुळे होणाऱ्या कर्करोगाची हकीकत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून आवळलेली गाठ, घाम आणि घर्षण यांनी कमरेवर व्रण होतो आणि क्वचित तोच पुढे कर्करोग बनतो. 2024 साली वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची अशीच उदाहरणे मांडली. एकीला परकराची नाडी भोवली होती, दुसरीला लुगड्याची गाठ.

आत काय घडते? कातडीच्या साऱ्या पेशींत जनुकांचा संच एकच असतो. परंतु कोणत्या जनुकाने केव्हा कामावर यावे, याला शिस्त असते. कातडी सोलली की वाढीची जनुके कामावर येतात. जखम भरली की सुटीचा भोंगा होतो आणि ती गप्प बसतात. रोज सोलणाऱ्या जागी हा भोंगा होतच नाही. पेशींचे विभाजन चालूच राहते व त्यात चुका साचतात. पी-53 सारखे पहारा करणारे जनुकच बिघडले, म्हणजे वाढीची जनुके अहोरात्र राबतात आणि आवर घालणारी मुकी होतात.

डांबर व खनिज तेल यांनी होणारा त्वचेचा कर्करोग 1948 च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवावयाच्या रोगांत घातला गेला. त्यामागे कामगारांच्या देहांची साक्ष होती. घरातल्या गाठीला मात्र कायदा नाही. जिनिंगमधील आमच्या एका भगिनीने कमरेचा व्रण दोन वर्षे पदराखाली झाकला. तपासणीत तो साधा निघाला; पण दोन वर्षे भीतीत गेली, ती गेलीच.

म्हणून नाडी सैल बांधावी, तिची जागा बदलावी, आणि महिनाभरात न भरणारा व्रण लाज सोडून डॉक्टरांस दाखवावा. दैवाला दोष देण्यापूर्वी गाठ तपासावी, एवढेच आमचे सांगणे आहे.