वैद्यकाची सनद आणि वऱ्हाडचा रोगी

कापडाचा पोत बोटांना कळतो, ज्वारीचा दाणा दाताखाली धरून पारखता येतो. वैद्याची विद्या मात्र रोग्याला पारखता येत नाही. ती कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ही पारख रोग्याच्या वतीने कोणीतरी आधीच करून ठेवली पाहिजे. परीक्षा आणि परवाना यांचे मूळ आम्हांस या साध्या गरजेत दिसते.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि १८५१ साली पहिली तुकडी परीक्षा उतरून बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड त्यांतलेच. परंतु विद्वानास पदवी देणे निराळे आणि अविद्वानापासून समाजाचे रक्षण करणे निराळे. हे दुसरे काम मुंबई इलाख्यात १९१२ च्या नोंदणी कायद्याने हाती घेतले. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तिकडचा कायदा १९१६ चा. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलातून परीक्षा उतरणारे ते एल. एम. पी. डॉक्टर.

१९३३ च्या मेडिकल कौन्सिल कायद्याने केवळ पदवीधरांचा विचार केला, एल. एम. पी. मंडळी बाहेर राहिली. १९४६ साली भोर समितीने सर्वत्र एकच पदवी असावी असे सुचविले. मग खेड्यांना डॉक्टर पुरणार कसे, म्हणून काही सदस्यांनी भिन्न मत नोंदविले. १९४७ साली नागपुरास मेडिकल कॉलेज आले आणि तो वाद तेथे तरी मिटला.

आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य होते. खेड्यासाठी दर्जा उतरविणे म्हणजे खेडुताचा जीव स्वस्त धरणे होय. पण दर्जा वर चढावा आणि डॉक्टर मात्र मेहकर-संग्रामपूरच्या वाडीवस्तीपर्यंत पोहोचू नये, तर ती रिकामी खुर्ची भोंदू बळकावतो. आणि त्याने तर कोणतीच परीक्षा दिलेली नसते!

२०१९ च्या कायद्याने साऱ्या देशासाठी एकच अंतिम परीक्षा आणि तोच परवाना असे ठरविले. २०२४ साली बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मंजूर झाले. या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. परीक्षा कागदावरच्या पाठांतराची न राहता रोग्याच्या खाटेपाशी हात आणि नजर तपासणारी असावी. आणि उतरलेल्यांपैकी काहींचे पाय तरी या जिल्ह्याच्या मातीत रुजावेत. परवाना भिंतीवर टांगला जातो. त्याचा खरा उपयोग दाराशी आलेल्या रोग्यालाच व्हायचा असतो.