कानाशी धरलेला डबा

खोकं हातात आलं की मी ते लगेच उघडत नाही. उजव्या कानाशी धरते आणि दोनदा हलवते, एकदा आडवं, एकदा उभं. आत काही आपटलं तर सुटा भाग आहे, एखादी छत्री, टोपी किंवा बसायचा चौरंग. खसखसलं तर कापड किंवा केस. काहीच ऐकू आलं नाही तर बाहुली कागदात गच्च बसवलेली आहे. माझ्या भाचीनं एकदा विचारलं, "हे तू कुठं शिकलीस?" मी विचार न करताच म्हणाले, "भुलाबाईत."

मी विदर्भातल्या नरखेडची. पन्नाशी ओलांडली आहे. बाहुल्या आणि बंद खोक्यातली खेळणी जमवते, आणि प्रत्येकीविषयी वहीत लिहून ठेवते: रंग रेषेबाहेर गेलाय का, मानेचा सांधा सैल आहे का, डोळे दोन्ही एका उंचीवर आहेत का, दिलेल्या पैशाचं चीज झालं का. संत्र्यांच्या गाड्या भरणाऱ्या या तालुक्यात कुरिअरवाला माझ्या दारी असली खोकी आणतो, तेव्हा शेजारी समजतात की हे वेड जपानहून, चीनहून आलं. खोकं तिकडून आलं हे खरं. ते कानाशी धरणारा हात मात्र इथलाच आहे, आणि त्या हाताचं कूळ मला सांगायचं आहे.

भाद्रपद पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई बसते. कुंभाराकडून मातीची मूर्ती आणायची. भुलाबाई, शेजारी भुलोजी, मधे इवलासा गणपती. पाटावर बसवून वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं. तिथून कोजागिरीपर्यंत, म्हणजे महिनाभर, रोज संध्याकाळी मुली घरोघर फिरून गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात. खानदेशात हीच गुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याशी, हादग्याशी तिचं नातं बहिणीचं. तिथे हत्तीभोवती फेर धरतात, इथे मातीच्या जोडप्यापुढे बसतात. गाणी संपली की दोन्हीकडे एकच गोष्ट होते. घरातली बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर येते आणि विचारते, आत काय आहे ओळखा.

खाऊ ओळखणं हा नुसता खाण्याआधीचा चाळा नव्हता, त्याची पद्धत होती. आधी डबा फिरायचा. एकेकीनं हलवायचा, वजन जोखायचं, झाकणाच्या फटीशी नाक न्यायचं नाही. मग प्रश्न. गोड की तिखट? ओलं की कोरडं? तळलेलं की भाजलेलं? दाताला लागतं की जिभेवर विरतं? फुटाणे खणखण वाजतात, मुरमुरे सळसळतात, लाह्यांचा आवाज जवळपास नसतोच पण डबा हलका लागतो. शंकरपाळे कोपऱ्यांवर आपटतात. शेंगा उकडलेल्या असतील तर डब्याचा तळ कोमट असतो. पाच-सहा वर्षं भुलाबाईत काढलेल्या मुलीला हे सगळं हाताला समजायचं.

आणि आतली बाई तितकीच कसलेली. माझी आई डब्यात फडकं कोंबायची म्हणजे वाजणार नाही. कधी मुरमुऱ्यांत एकच खडीसाखरेचा खडा टाकायची म्हणजे भलतंच वाजेल. सीताफळाचे दिवस आले की ती खूश असायची. "काय हाये वं त्यात, सांगा ना," असं म्हणून मुलींना खिजवायची. तिचा डबा कुणाला ओळखता आला नाही तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याची चर्चा व्हायची. अमकीनं काय ठेवलं होतं, तमकीनं परवाचंच ठेवलं, ढमकीचं ओळखलं पण चव नव्हती. आज ज्याला खेळण्याचं परीक्षण म्हणतात ते मी पहिल्यांदा विहिरीवर ऐकलं.

भुलाबाईची जी कथा सांगतात तीही वेषांतराचीच आहे. शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते, शंकर हरले आणि रुसून निघून गेले. पार्वती भिल्लिणीच्या रूपात त्यांच्या मागे गेली, नाचली, आणि ते तिच्यावर भुलले. म्हणून ते भुलोजी, ती भुलाबाई. वरचं रूप एक आणि आत कोण ते नंतर उमगायचं. अशा देवीपुढे झाकलेला डबा ठेवून आत काय ते विचारायचं, हे दोन्ही मला एकाच हाताचं काम वाटत आलं आहे.

आता खोक्याकडे येते. इटलीत ईस्टरच्या सणाला चॉकलेटच्या पोकळ अंड्यात भेटवस्तू घालायची चाल जुनी. ती वर्षातून एकदा. फेरेरो कंपनीनं १९७४ मध्ये ते अंडं रोज मिळेल असं केलं. आत पिवळी डबी, बलकासारखी, आणि डबीत जोडायचं खेळणं. उष्ण देशांत चॉकलेट वितळतं म्हणून पुढे खाऊ एका अर्ध्यात आणि खेळणं दुसऱ्या अर्ध्यात अशी किंडर जॉयची रचना आली. तिचा भारतातला कारखाना आपल्या बारामतीत आहे. नरखेडच्या किराणा दुकानात काउंटरवर जे अंडं दिसतं त्याची वाट बारामतीवरून येते.

जपानमध्ये र्‍यूझो शिगेता या व्यापाऱ्यानं १९६५ मध्ये अमेरिकेची नाणं टाकायची यंत्रं आणली आणि खेळणी प्लास्टिकच्या गोल डबीत घालून विकायला सुरुवात केली. त्या खेळण्यांना लोक गाचापोन म्हणू लागले. गाचा म्हणजे दांडा फिरवल्याचा आवाज, पोन म्हणजे डबी खाली पडल्याचा. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बसले होते. खेळण्याला नाव मिळालं ते त्याच्या रूपावरून नाही, आवाजावरून. डबा वाजवणाऱ्या मुलींना यात परकं काय वाटलं असतं?

२०१० मध्ये लेगोनं छोट्या माणसांची मालिका बंद पाकिटात काढली. जमवणारे दुकानात उभे राहून बोटांनी पाकीट चाचपायचे: हा भाला, ही टोपी, हा शेपटीचा तुकडा. २०२३ मध्ये कंपनीनं पाकिटाऐवजी पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि बोटं निरुपयोगी झाली. मग लोक खोकी हलवू लागले, ग्रॅमच्या काट्यावर तोलू लागले. आईनं फडकं कोंबलं की आम्ही तळाची ऊब तपासायचो, तसंच.

हल्ली ज्या लबूबूचं इतकं नाव झालं, तिला हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकारानं २०१५ मध्ये आपल्या चित्रगोष्टींत आणलं. टोकदार कान, दातांची रांग, उत्तर युरोपातल्या लोककथांतून सुचलेलं ध्यान. चीनच्या पॉप मार्ट कंपनीनं २०१९ पासून तिच्या बाहुल्या बंद खोक्यात विकायला काढल्या. अशा मालिकेत बहुधा बारा नमुने जाहीर असतात आणि एक गुप्त. तो गुप्त नमुना बऱ्याच मालिकांत १४४ खोक्यांमागे एक पडतो. हे गणित मला खुपतं. आईच्या डब्यात १४३ जणींना निराश करायची सोय नव्हती. तिथे ओळखणारीलाही तेवढाच खाऊ मिळायचा आणि न ओळखणारीलाही तेवढाच. ज्यांच्या घरी बेताचं असतं अशी मुलं त्या एका नमुन्यामागे पैसे घालतात, हे मी पाहिलं आहे, आणि म्हणून माझ्या वहीत प्रत्येक मालिकेपुढे हा आकडा आधी लिहिते, रंगाची गोष्ट नंतर.

पण भुलाबाईचं एक टोक माझ्या छंदाशी जुळत नाही. तिथे काही उरत नाही. खाऊ संपतो, कोजागिरी झाली की मूर्ती पाण्यात जाते. मग जमवणं, फळीवर मांडणं, नातवंडांसाठी राखणं हे कुठून आलं? त्यासाठी भुलाबाई बसते त्याच्या पंधरा दिवस मागे, तान्ह्या पोळ्याकडे जावं लागतं.

पोळ्याला खरे बैल. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लाकडी. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये मुलांसाठी हा सण सुरू केला असं नागपुरात सांगतात. चाकांवरचा नंदी, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि दोरी धरून ओढणारं पोर. घरोघर जायचं, ओवाळून घ्यायचं, बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, घ्यायचा. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्याच्या माणसाहून उंच नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे; ते खेळणं मुलाला ओढवत नाही, मोठी माणसंच ओढतात. प्रौढांनी खेळणी जमवायची नसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दिवशी सिंदीला जावं.

नंदी दरवर्षी नवा घेत नाहीत. आजोबांचा वडिलांकडे, वडिलांचा मुलाकडे. दर पोळ्याला रंगाचा एक हात, मोडलेल्या शिंगाला नवं शिंग. आमच्या घरचा नंदी सागाच्या एका ओंडक्यातून काढलेला आहे. पाठीवर कान लावून टिचकी मारली तर जोड नसल्याचं कळतं, हे मला माझ्या आबाजींनी दाखवलं. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेला बसलेले शेतकरी लाकडी बैलाकडे जनावराच्या बाजारात बघावं तसे बघत: वशिंड कुठं बसलंय, पाठ सरळ आहे का, खूर पसरट आहेत का, शिंगांची उठण कशी. नागपूर, वर्धा, छिंदवाडा हा गवळाऊ जातीच्या पांढऱ्या बैलांचा मुलूख. माझा अंदाज असा की आपले बहुतेक जुने नंदी पांढरे रंगवलेले आहेत ते त्यामुळेच. सुतारासमोर गोठ्यातला बैल उभा होता, आणि बघणाऱ्यालाही तोच माहीत होता. खेळणं ज्याची नक्कल आहे ते मूळ पोटापाण्याचं असेल, तर परीक्षण आपोआप कडक होतं.

राखण्याला पाण्याची भीती असते हे या तालुक्याला वेगळं सांगायला नको. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी तालुक्यातल्या मोवाडात शिरली. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी पोळा सव्वा महिन्यावर होता. माणसांपुढे वस्तूंचा हिशेब कुणी करत नाही आणि करू नये. पण एखाद्या घरी मला जुना नंदी दिसला की मी त्याचे पाय बघते, तळाशी लाकूड फुगलं आहे का ते. पाण्यात राहिलेलं लाकूड वाळलं तरी लपत नाही.

बाजारातल्या वस्तूतून खेळणं निघायची सवय माझ्या पिढीला बिनाकानं लावली. टूथपेस्टच्या खोक्यात इवलंसं प्लास्टिकचं जनावर असायचं, हत्ती, जिराफ, मासा. कोणतं निघेल ते माहीत नसायचं. मोठ्या भावंडांकडून आलेली माझी सात आहेत. देशभर अनेक मोठी माणसं आजही ती शोधत असतात, अदलाबदल करतात, आणि त्यातला एखादा दुमडलेल्या कानाचा हत्ती मिळाला म्हणून दिवसभर आनंदात असतात. मी त्यांच्यातली आहे.

सगळ्यात जुना डबा मात्र मी पुस्तकात पाहिला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या दरम्यानच्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लांबट गोल डबी सापडली. झाकणासकट. आत मातीची बाई. झाकणावर आणखी एक बाई, तिला डोकं नाही, आणि तिच्याजवळ एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक; काडी घातली की बाई बैलावर बसते. संशोधकांनी ती घरातली देवी मानली, आणि मीही तिला खेळणं म्हणणार नाही. इनामगावापासून नरखेडपर्यंत वंशावळीची रेघ ओढायचीही माझी तयारी नाही, मधे तीन हजार वर्षं आहेत. तरीही भाद्रपद लागला की आमच्या घरात प्रतिपदेला बैल बाहेर येतो, पौर्णिमेला मातीची बाई येते, आणि संध्याकाळी झाकण लावलेला डबा येतो. त्या छायाचित्राकडे मी पुन्हा पुन्हा बघते ते यासाठी.

गेल्या कोजागिरीला मी एक न उघडलेलं खोकं आईच्या पितळी डब्यात ठेवलं आणि मुलींपुढे आणलं. त्यांनी हलवलं. चिवडा म्हणाल्या, सांभारवडी म्हणाल्या, मिरगुंड म्हणाल्या. कोपऱ्यात माझी मोठी माय बसली होती, वय ऐंशीच्या पुढे. तिनं डबा मागून घेतला, कानाशी धरला, एकदा आडवा हलवला, एकदा उभा.

"खायाचं नाई हे," ती म्हणाली. "पुठ्ठा हाये, अन् पुठ्ठ्यात केसाचं काही हाये."

निघाली ती केसाळ टोपीची, टोकदार कानांची बाहुली. मुलींनी ती हातोहात फिरवली, एकीनं दात मोजले, एकीनं विचारलं की हिला पाण्यात सोडायचं का. नाही म्हटल्यावर ती भुलाबाईच्या पाटाच्या कडेला बसली, रात्रभर. पण बाहुलीचे वाटे होत नाहीत, आणि चौदा मुली वाट बघत होत्या. तेव्हा आई उठली आणि आतून दुसरा डबा घेऊन आली. तो फिरला, हलवला गेला, मोठ्या मायच्या कानालाही लागला. सगळ्यांनी हात टेकल्यावर आईनं झाकण काढलं. फडक्यात गुंडाळलेली सीताफळं होती.