महासाथ आणि मानसिक आरोग्य (पुणे)

साथरोगाचे भय, विलगीकरण, आप्तांचा मृत्यू, उत्पन्नाची अनिश्चितता आणि नित्यक्रमातील खंड यांमुळे मनावर येणारा ताण, त्यातून उद्भवणारे विकार आणि त्यांवरील उपाय यांचा समावेश महासाथीच्या काळातील मानसिक आरोग्य या विषयात होतो. प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या, विशेषतः कर्वेनगर परिसराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील कोव्हिड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला महासाथ म्हटले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. संघटनेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार व नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले.

पूर्वपीठिका

साथ आणि तिचे भय पुण्याला नवे नव्हते. १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेतली जाई व रुग्णांना सक्तीने हलविले जाई. रोगापेक्षा झडतीचीच धास्ती मोठी झाली आणि लोक आजारी माणसाला दडवू लागले. दडविल्यामुळे ना औषध मिळे, ना धीर. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यामागे साचलेल्या भयाचा व अपमानाचा विचार मात्र क्वचितच होतो. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या वर्षी संमत झालेला साथरोग अधिनियम २०२० मध्ये राज्यात पुन्हा लागू करण्यात आला. घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या हातावर पुसला न जाणारा शिक्का मारण्यात आला. हेतू सावधगिरीचा होता, तरी शेजाऱ्यांच्या नजरेत तो कलंक ठरला आणि लक्षणे लपविण्याची जुनी प्रवृत्ती काही प्रमाणात परतली. परिचारिका व डॉक्टर यांनाही वस्तीत त्रास दिल्याच्या घटना देशभर घडल्या. अखेर एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी शिक्षेची तरतूद करावी लागली.

‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग

साथीच्या आरंभी ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ज्या समाजाने विटाळाच्या नावाखाली माणसांना शतकानुशतके दूर ठेवले, तेथे हा शब्द वापरताना अधिक विचार व्हायला हवा होता. पुढे ‘शारीरिक अंतर’ हा पर्याय सुचविला गेला व तोच अर्थदृष्ट्या अचूक आहे. विषाणूला रोखण्यासाठी देहांमध्ये अंतर लागते. संबंध तोडावे लागत नाहीत. मानसिक आरोग्याच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही, कारण संकटात मनाला आधार देणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्याकडे चार माणसांच्या सोबतीने होतात.

२०२० च्या आषाढी वारीत पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.च्या बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्या वर्षीचा गणेशोत्सवही मिरवणुकांविना झाला. वारकऱ्याच्या दृष्टीने वारी चुकणे ही सहल रद्द होण्यासारखी बाब नव्हे. वर्षाची सारी घडी तिच्यावर बसलेली असते.

शोक आणि अंत्यविधी

या काळातील सर्वांत खोल जखम शोकाची होती. घरात मृत्यू झाला की शेजारी जमतात, खांदा देतात, पिठले-भात आणून देतात. पुढे दहावा-तेराव्यापर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ असते. तेच तेच बोलणे पुन्हा पुन्हा होते आणि त्या पुनरुक्तीतूनच मृत्यू मनाला पटतो. २०२०-२१ मध्ये हा क्रम अनेक घरांत झालाच नाही. रुग्णवाहिकेत चढलेला माणूस पुन्हा दिसला नाही आणि रुग्णालयातून केवळ दूरध्वनी आला. कुटुंबातील इतर जण त्या वेळी स्वतः विलगीकरणात असत, म्हणून घरच्यांवाचून अग्निसंस्कार झाले.

याबाबत एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मृताचा चेहरा नातलगांना दाखविण्यास, देहाला स्पर्श न करता मंत्रपठण वा तीर्थ शिंपडण्यास परवानगी होती. अस्थी व रक्षा यांपासून धोका नसल्याचेही त्यांत स्पष्ट म्हटले होते. तरीही भीतीपोटी कित्येकांनी अस्थी घेतल्या नाहीत. नियम जेवढी मुभा देत होते, तेवढीही भयाने घेऊ दिली नाही, असेच म्हणावे लागेल.

अशा अपुऱ्या राहिलेल्या निरोपामुळे ‘मी सोबत असतो तर’ हा विचार मागे लागतो. वर्षश्राद्धाला किंवा सोयीच्या दिवशी आप्तेष्टांना एकत्र बोलावून आठवणी सांगणे, गेलेल्या व्यक्तीच्या नावे झाड लावणे अथवा तिला पत्र लिहिणे यांचा अनेकांना उपयोग होतो. उशीर झाला म्हणून ते व्यर्थ ठरत नाही. शोक स्वतः आजार नव्हे. मात्र सहा महिन्यांनंतरही तो तितकाच तीव्र राहून दैनंदिन व्यवहार अशक्य करीत असेल, तर त्यास ‘प्रदीर्घ शोकविकार’ म्हणतात. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याचा स्वतंत्र समावेश आहे व त्यावर उपचार होऊ शकतात.

कर्वेनगर परिसर

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये शहराबाहेर हिंगणे येथे आला. आजचे कर्वेनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्लेगच्या त्या वर्षांत समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांना सोबत व काम देणारी ही संस्था होती. एकाकीपणावर सोबत आणि काम याहून जुना उपाय नाही.

आज या भागात एकीकडे मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी, तर दुसरीकडे वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थिनी आहेत. टाळेबंदीत सकाळचा फेरफटका, कट्टा, देवळातील भजन हे सारे एकदम थांबले. ज्येष्ठांमध्ये उदासी कित्येकदा ‘भूक नाही’, ‘झोप नाही’, ‘अंग दुखते’ अशा तक्रारींतून व्यक्त होते आणि ती वयावर ढकलली जाते. ठरलेल्या वेळी रोजचा एक दूरध्वनी, जिन्यातून का होईना होणारी विचारपूस, आणि बातम्या पाहण्यास दिवसातून एखादीच वेळ ठेवणे यांमुळे दिवसाला आकार येतो. मुलांचे प्रश्न वेगळे होते. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. शिवाय घरात एकच भ्रमणध्वनी असेल तर शिक्षण कोणाचे, हा पेच कित्येक कुटुंबांत उभा राहिला.

व्यसन

टाळेबंदीत मद्यविक्री बंद राहिल्याने व्यसन आपोआप सुटेल अशी काहींची समजूत होती. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास कंप, भास व आकडी येऊ शकते. प्रसंगी जिवावरही बेतते. अशा वेळी तत्काळ डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र या क्षेत्रात काम करते.

उपचार व साहाय्य

मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सेवेविषयी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली व दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला घेणे सुकर झाले. मानसिक आजाराची औषधे चालू असणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निरुत्साह वा निद्रानाश टिकल्यास मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांचा सल्ला घ्यावा. राज्यात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्यातील ‘कनेक्टिंग’ ही संस्था आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाणे येथील ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’चे मराठीतील प्रबोधनही उल्लेखनीय आहे.

जवळची व्यक्ती निर्वाणीची भाषा बोलू लागली, तर तिला आत्महत्येचे विचार येतात का, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत निराधार आहे. उलट अनेकांना बोलण्याची वाट मिळते. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.