जुन्या लुगड्याचे मोल

सीताबर्डी म्हटले की १८१७ सालची भोसले-इंग्रजांची लढाई आठवते. आज त्याच टेकडीखालच्या दुकानांत नवे कापड ढिगाने मिळते. पण जुन्या कापडाचाही एक इतिहास आहे.

डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार हिंडणारी बोहारीण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जुने कपडे घ्यायचे, भांडे द्यायचे, हा तिचा व्यापार. त्यांतले धडके कपडे धुऊन, सांधून पुन्हा बाजारात विकले जातात, बाकीच्यांच्या चिंध्या. घरधनिणीच्या हाती रोकड नसे. हा सौदा मात्र तिचा स्वतःचा असे.

बोहारणीची खरी नजर जरीवर. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जीर्ण पदर जाळला की रेशमाची राख होते, चांदी उरते. घरात पातेले येते, सराफाकडे चांदी जाते; विणकराचे काम मात्र कायमचे नाहीसे होते.

१८६७ साली रेल्वे नागपुरास आली, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे कोष्ट्यांचे हातमाग मागे पडत गेले. म्हणून विदर्भातले एखादे जुने करवतकाठी लुगडे म्हणजे त्या काळचा कागदच समजा.

गुरुजींनो, मुलांना एवढेच सांगा: लुगडे देण्याआधी त्याचा काठ वहीत काढा, लांबी मोजा, कुणी कधी घेतले ते आजीला विचारून लिहा. मग खुशाल भांडे घ्या. पण आजी आहे तोवरच हे विचारून घ्यायला हवे.