नमुना कोणाच्या तोंडचा?

पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातील गाव. जवळच आळे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे, अशी लोकांची श्रद्धा. आज यंत्राच्या मुखातून भाषा वदवली जात आहे, तेव्हा आम्हाला ती कथा आठवते. प्रश्न एवढाच, की त्या मुखातले शब्द कोणाचे?

हा प्रश्न जुना आहे. ग्रिअर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण १८९४ ते १९२८ या काळात झाले. बोलीबोलींत बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट उतरवून घेतली गेली; तीच भाषेचा नमुना ठरली. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. दखनीला पश्चिमी हिंदीच्या नवव्या खंडात जागा मिळाली आणि तिचे माहेर असलेले हैदराबाद संस्थान तर सर्वेक्षणाबाहेरच राहिले. व्याकरणाच्या दृष्टीने ही विभागणी चूक नव्हती. पण एकाच घरातल्या दोन भाषा दोन कपाटांत गेल्या.

आमच्या घरांत ही कपाटे नाहीत. चुलीपाशी दखनी, चावडीवर मराठी. दखनीतले ‘नक्को’ मराठी ‘नको’चेच, ‘वहींच’मधला ‘च’देखील मराठीचा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत रचला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेही मराठी आमचीच आहे हे सांगण्यासाठी.

कृत्रिम बुद्धिमत्ता मुख्यतः लिहिलेल्या मजकुरातून शिकते. केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ सुरू केली. तीत मराठी आहे, उर्दूही आहे. या दोहोंमधल्या उंबऱ्यावर बसलेल्या आमच्या आजीचे काय? अशाच एका यंत्राला आम्ही जुन्नरकडील मुसलमान आजी आणि नातवाचा संवाद लिहायला सांगितले. आजी सिनेमातल्या लखनवी बेगमेसारखी बोलू लागली.

आम्ही हसलो, मग वरमलो. यंत्राला दुसऱ्यांनी रंगवलेला मुसलमान मिळाला, तोच त्याने परत केला. पण आम्ही तरी आजीचे बोलणे कधी कागदावर उतरवले?

तिचा आवाज घ्यायचा तर तिला विचारून घ्यावा, कशासाठी ते सांगून घ्यावा आणि यंत्राचे उत्तर तपासायला आमचीच माणसे असावीत. हा आमचा हक्क आहे. मात्र लिहून ठेवणे हे आमचे कर्तव्य. नाहीतर उद्याचा नातू यंत्रालाच विचारील, “हमारी दादी कैसी बोलती थी?” आणि उत्तर पुन्हा परक्याच्या तोंडचे येईल.